पन्हाळ्याचा उन्हाळा

एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही दोघं मसाई पठारावर गेलो. जुलैत पन्हाळा-पावनखिंड ट्रेकला आलो होतो तेव्हा इथे पावलापावलाला डबकी होती आणि समोरचा माणूस दिसणार नाही असं धुकं. आता नुसता काळपट जांभा, वाळकं गवत आणि भणाणता वारा. वाळवंटच म्हणा ना! अकराच्या सुमारास मित्र म्हणाला, "भावा, बाटली संपली की रं."

एवढा पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे? तर जांभा हा भोकाभोकांचा दगड. ओला असताना विटेसारखा कापता येतो, म्हणून फ्रान्सिस बुकाननने १८०७ सालच्या पुस्तकात त्याला 'लॅटेराइट' म्हटलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. वर मातीचा थर जेमतेम, त्यामुळे डबकी पावसाळ्यानंतर आटतात. बाकीचं पाणी भेगांतून मुरतं आणि खाली कडेला झरा होऊन निघतं. वर आपण कोरडे!

मग डोक्यात किडा वळवळला. शेजारच्या पन्हाळ्याच्या माथ्यावरही हाच जांभा. तिथे माणसं राहिली कशी?

सिद्दी जौहरचा वेढा आपल्याला पाठ असतो तो १२ जुलै १६६० च्या रात्रीमुळे. पाऊस, पालखी, मसाई पठार, बाजीप्रभू. पण वेढा मार्चमध्येच पडला होता. म्हणजे पावसाच्या आधी अख्खा उन्हाळा महाराज गडावर अडकलेले. खाली उतरून झऱ्यावर जायची सोय नाही. अंबरखान्यातल्या धान्याचं कौतुक आपण करतो, पण पाण्यावाचून ते शिजणार कसं?

उत्तर गडावरच आहे. सोमेश्वर तलाव, सादोबा तलाव आणि तीन दरवाजाजवळची अंधार बाव. ही आदिलशाही काळातली विहीर म्हणजे तीन मजली इमारतच. तळाला पाणी, वर पहाऱ्याची जागा. बाहेरून कळणारही नाही की आत विहीर आहे. पाणी खजिन्यासारखं राखलंय.

२०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आम्ही स्टेटस ठेवले. पण त्या शनिवारी मसाईवरून घसा कोरडा करून आल्यावर अंधार बावीच्या पायऱ्यांवर गार वाटलं, तेव्हा कुठे वेढा समजला.

असो. पावनखिंड ट्रेक पावसात करताच, एकदा एप्रिलमध्येही या. पाणी मात्र जास्त घ्या.