तोरणावरचं नाव

लग्नसराई जवळ आली की गटाच्या बैठकीत आहेराचा विषय निघतोच. साड्या झाल्या, स्टीलचे डबे झाले. मग कुणीतरी म्हणतं, आपण नवरा-नवरीच्या नावाचं मण्यांचं तोरण करू या. आज त्या तोरणाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याहून जास्त त्यावरच्या नावाबद्दल.

दारावर नाव घालायची हौस फार जुनी. मध्य प्रदेशात सांचीला मोठा स्तूप आहे. त्याच्या चारी दिशांना दगडी तोरणं उभी आहेत. दक्षिणेच्या तोरणावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं आहे, की ही देणगी वासिष्ठीपुत्र आनंदाची. हा आनंद म्हणजे सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुकादम. सातकर्णी हा सातवाहन घराण्यातला, म्हणजे आपल्या पैठणच्या राजांपैकी. आता गंमत बघा. वासिष्ठीपुत्र म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. कारागिराने तोरणावर आपल्या नावाआधी आईचं नाव लावलं.

आपल्याकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत याची बहीण शोभेल अशी गोष्ट आहे. तिथल्या तिसऱ्या लेण्याच्या दाराभोवती तसंच तोरण कोरलंय आणि ओसरीच्या भिंतीवर मोठा लेख आहे. हे लेणं भिक्षूंना दान दिलं गौतमी बलश्रीने, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने. मुलाचा पराक्रम तिने तिथे भरभरून सांगितला, पण देणारी म्हणून नाव स्वतःचं घातलं.

ही राजघराण्याची आणि दगडाची गोष्ट झाली. आपल्या दाराला आंब्याची पानं आणि झेंडूची फुलं. ती चार दिवसांत सुकतात, त्यांच्यावर कोण काय लिहिणार? टिकणारं तोरण आलं ते काचमण्यांमुळे. इटलीतल्या व्हेनिस शहरात बनलेले बारीक मणी एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या झांजीबार बंदरातून काठेवाडी व्यापाऱ्यांनी गुजरातेत आणले. तिथल्या बायकांनी ते ओवून मुलींच्या लग्नासाठी तोरणं केली. आपल्याकडे असं तोरण रुखवताच्या टेबलावर मानाने मांडलं जातं.

अक्षरांची वाट वेगळी. युरोपात मुलींना फुलीच्या टाक्याने मुळाक्षरं भरायला शिकवत. घरातली चादर-टॉवेल धुण्यात बदलू नयेत म्हणून त्यांवर लाल दोऱ्याने नावाची आद्याक्षरं घालायची असत. मिशनरी बायकांनी इथे मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा वाचनाबरोबर शिवणटीपणही आलं. पुढे ती अक्षरं मॅटीच्या कापडावर भरली गेली, मण्यांतही विणली गेली. मला तर वाटतं, आपली लिपी या कामासाठीच जन्मली असावी. वरची शिरोरेघ म्हणजे मण्यांची एक सरळ ओळ, आणि तिला लटकलेली अक्षरं म्हणजे पानंच! गोलाईचा ‘ळ’ तेवढा त्रास देतो, आणि वेलांटीसाठी रेघेच्या वर दोन-तीन ओळी राखाव्या लागतात. आधी चौकटीच्या वहीत एक घर म्हणजे एक मणी धरून नाव काढा. लिहिता न येणारी बाईसुद्धा घरं मोजून ते अचूक विणते.

पण कोणतं नाव?

नवऱ्याचं नाव बायकोने तोंडाने घ्यायचं नाही, उखाण्यातच घ्यायचं, असा काळ होता. तोरणावर मात्र दोन्ही नावं शेजारी शेजारी बसतात. तरी एक घोळ उरतोच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची आपल्याकडे रीत आहे. म्हणजे माहेरच्या मैत्रिणींनी महिनाभर डोळे फोडून जे नाव ओवलं, ते मांडवातच जुनं व्हायचं. म्हणून शहाण्या बायका आधी सासरी विचारून घेत. नवरीला विचारलं का, हे कोणी सांगत नाही.

नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. वासिष्ठीपुत्राची रीतही थोडी परत आली आहे: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. आणि घराच्या उताऱ्यावर, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो. पुष्कळ घरांत तोरणावर दोन नावं झुलतात आणि उताऱ्यावर एकच असतं.

तेव्हा या मोसमात तोरण करायला घ्याल, तर मणी मोजायच्या आधी नवरीला गाठा. तुला कोणतं नाव हवंय, ते तिलाच विचारा. आणि तोरण बांधायला त्यांच्या दारात जाल तेव्हा नमुना आठच्या अर्जाचा विषयही काढा. अर्जाचं काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, असतं.