प्राध्यापक देवधर : मैदानावरील एक गुरुपीठ



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांकडेच आपले मन प्रथम धाव घेते. परंतु मैदानावरच्या खेळांनाही स्वतःचा इतिहास असतो, आणि त्यात समाजाचे गुणदोष कधी कधी दरबारातल्या बखरीपेक्षाही स्पष्ट उमटलेले दिसतात. महाविद्यालयीन खेळाडू म्हणून ज्याने आरंभ केला, अध्यापन हा ज्याचा व्यवसाय होता, आणि ज्याने उतारवयात एका प्रांताच्या तरुणांना खेळ शिकविला, अशा एका गृहस्थाचे चरित्र आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. ते गृहस्थ म्हणजे पुण्याचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. त्या काळी क्रिकेट हा मुंबईच्या जिमखान्यांचा आणि संस्थानिकांचा खेळ समजला जाई. पुण्यात मात्र त्याचे बीज महाविद्यालयांच्या पटांगणांत रुजले होते. ग्रंथ आणि बॅट ही दोन्ही साधने सारख्याच निष्ठेने हाताळणारी जी पहिली पिढी तेथे तयार झाली, तिच्यातील अग्रगण्य नाव देवधरांचे. १९११ साली, वयाची वीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यात पाऊल टाकले. पुढे १९१६ साली स्थापन झालेल्या आणि आज सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत ते संस्कृतचे अध्यापक झाले. सकाळी संस्कृतचा पाठ आणि सायंकाळी मैदान, असे हे दुहेरी व्रत होते.

तत्कालीन क्रिकेट धर्मभेदावर उभारलेले होते. युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे चार संघ मुंबईच्या चौरंगी सामन्यांत परस्परांशी झुंजत. आणि हिंदू संघाच्या आतही जातिभेदाची भिंत उभी होतीच. पळवणकर बाळू हा आपल्या काळचा श्रेष्ठ गोलंदाज. पण तो चर्मकार समाजातील, म्हणून त्यास व त्याच्या बंधूंस संघाचे नेतृत्व नाकारले जाई. १९२० साली कर्णधारपदाचा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा सेवेने ज्येष्ठ असलेल्या पळवणकर बंधूंना डावलून देवधरांचे नाव पुढे करण्यात आले, आणि विठ्ठल व शिवराम या बंधूंनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. आपल्या नायकाच्या चरित्रातील हे प्रकरण सांगताना संकोच वाटतो, परंतु ते गाळणे हे इतिहासाशी प्रतारणा करण्यासारखे होईल. निवड करणारे मंडळ वेगळे होते हे खरे. तथापि त्या व्यवस्थेचा लाभ कोणास होत होता हेही तितकेच खरे. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांवर विजय मिळविला. गुणाला वाव मिळाला म्हणजे काय घडते, याचे इतके रोखठोक उत्तर क्वचितच सापडेल.

१९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली विलायतेचा एम. सी. सी. संघ हिंदुस्थानात आला. मुंबईत सी. के. नायडूंनी हिंदूंतर्फे १५३ धावांची घणाघाती खेळी केली, ती सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, त्याच मुंबईत, अखिल भारतीय संघाकडून खेळताना देवधरांनी १४८ धावा काढल्या, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. समोर मॉरिस टेटसारखा नामांकित गोलंदाज असलेल्या संघापुढे आपले लोक उभे राहू शकतात, एवढेच नव्हे तर पहिल्या डावात आघाडीही घेऊ शकतात, हे त्या दिवसांत सिद्ध झाले. १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली, तिच्यामागे या आत्मविश्वासाचाही वाटा होता.

दैवाची गती मात्र विचित्र. १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताने पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा देवधरांनी चाळिशी गाठली होती. त्या संघात त्यांना स्थान मिळाले नाही, आणि कसोटी सामना त्यांच्या नशिबी कधीच आला नाही. दुसरा कोणी असता तर बॅट खुंटीला टांगून गतवैभवाच्या गोष्टी सांगत बसला असता. देवधरांच्या आयुष्याचा खरा अध्याय येथून पुढे सुरू झाला.

खेळ शिकविण्यासाठी स्वतंत्र वेतन देऊन गुरू नेमावा, ही चैन त्या काळी संस्थानिकांसच परवडे. पतियाळाच्या दरबारी फ्रँक टॅरंट होता; देवासच्या महाराजांनी ऑस्ट्रेलियाचा विख्यात गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यास पाचारण केले होते, आणि सांगलीच्या विजय हजारे यांना त्याचे मार्गदर्शन लाभले. पुण्याच्या महाराष्ट्र संघापाशी ना अशी थैली, ना मुंबईसारखे बलाढ्य जिमखाने. त्याच्यापाशी होता एक प्राध्यापक. संघाचा कर्णधार आणि तरुणांचा शिक्षक ही दोन्ही कामे त्या एकाच माणसाच्या अंगावर पडली.

१९३४ साली सुरू झालेल्या रणजी करंडक स्पर्धेत १९३९-४० च्या हंगामी देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने प्रथमच विजेतेपद पटकाविले. याच हंगामात हजारे यांनी पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. भारतीय खेळाडूचे प्रथम श्रेणीतील ते पहिले त्रिशतक होय. नवव्या गड्यासाठी नगरवाला यांच्या साहाय्याने त्यांनी २४५ धावांची भर घातली. शेपटाकडील फलंदाजानेही टिच्चून उभे राहावे, ही शिकवण संघात किती मुरली होती, याचे हे प्रमाण आहे.

पुढल्याच हंगामात महाराष्ट्राची गाठ बलाढ्य मुंबईशी पडली. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, मुंबईने ६५० पर्यंत मजल मारली, आणि पंचवीस धावांच्या आघाडीने पारडे महाराष्ट्राकडे झुकले. या डोंगरात २४६ धावा एकट्या देवधरांच्या होत्या, आणि त्यांचे वय होते अठ्ठेचाळीस! अंतिम सामन्यात मद्रासला हरवून महाराष्ट्राने करंडक सलग दुसऱ्यांदा आणला. पुढे पन्नाशी उलटल्यावरही, १९४४-४५ च्या हंगामात, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके झळकाविली : १०५ आणि १४१.

या आकड्यांचा अर्थ आम्हां शाळामास्तरांस विशेष कळतो. फळ्यावर गणित सोडवून दाखविल्याखेरीज नुसत्या उपदेशाने विद्यार्थ्यास ते येत नाही. संयम, चिकाटी, शरीराची निगा यांवर देवधरांनी शंभर व्याख्याने दिली असती तरी जे साधले नसते, ते उन्हात तासन्‌तास उभे राहणाऱ्या त्या प्रौढ मूर्तीने तरुण सहकाऱ्यांस शिकविले असेल. घरातही हाच वारसा चालला. त्यांच्या कन्या सुंदर, सुमन आणि तारा यांनी चाळिसाच्या दशकात बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय कीर्ती मिळविली. मुलींनी मैदानात उतरावे हे अनेक सुशिक्षित घरांनाही रुचत नव्हते, अशा काळातील ही गोष्ट आहे.

खेळणे थांबल्यावरही त्यांनी मैदान सोडले नाही. राष्ट्रीय निवड समितीचे आणि महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनेचे काम त्यांनी केले. १९६५ साली पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण या पदव्यांनी त्यांचा सन्मान झाला. १९७३ साली त्यांच्या नावाने आंतरविभागीय स्पर्धा सुरू झाली. शंभरी ओलांडून २४ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांनी देह ठेवला.

आपल्या नाशिकचाही या परंपरेशी संबंध आहे. आपला जिल्हा महाराष्ट्राच्याच क्रिकेट संघटनेत मोडतो, आणि हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने झालेले आहेत. १९४१ नंतर महाराष्ट्र तीनदा, म्हणजे १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ या हंगामांत, अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण तिन्ही वेळा करंडक हुकला. आज शिक्षकांना वेतन आहे, यंत्रे आहेत, सरावाच्या जाळ्या आहेत. तरीही शाळेच्या वेळापत्रकात परीक्षा जवळ आली की पहिली गदा खेळाच्या तासावर येते, आणि इमारत वाढवायची झाली की पहिली कुदळ पटांगणावर पडते. मग देवधर निपजावेत कोठून?

पटांगण राखा, त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक मुलास त्याच्या गुणाप्रमाणे स्थान द्या, आणि शिकविणाऱ्यास मुलांबरोबर उन्हात उभे राहू द्या. देवधरांच्या दीर्घ आयुष्यातून, आणि त्यांच्या काळी पळवणकर बंधूंवर झालेल्या अन्यायातूनही, घेण्याजोगा धडा मला तरी हाच दिसतो.