मटका आणि शहाणा स्वार्थ

१९६४ साली अमेरिकेत आयन रँडचं स्वार्थाला सद्गुण ठरवणारं पुस्तक आलं. त्याच वर्षी मुंबईत रतन खत्रीने 'न्यू वरळी मटका' सुरू केला. स्वतःचं हित ओळखणाऱ्या माणसाने जुगार खेळावा का, हा प्रश्न मला रँडच्या पुस्तकापेक्षा खत्रीच्या आकड्यापाशी जास्त नीट उलगडलेला दिसतो.

मटक्याचं मूळ कापसात आहे. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरने मुंबईत येत आणि लोक त्यांवर पैसे लावत. ते थांबलं, तेव्हा आकडे आधी मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून आणि मग पत्त्यांतून निघू लागले. १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत हा धंदा उभा केला. कापूस गेला, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेवढे उरले.

हिशेब सोपा आहे. एकेरी आकडे दहा आणि लागला तर मिळायचे साधारण नऊपट. म्हणजे रुपयामागे सरासरी दहा पैसे बुकीचे. तो नशिबावर खेळतच नाही.

रँडच्या कसोटीवर स्वार्थ म्हणजे क्षणाची हौस नव्हे. अख्ख्या आयुष्याचं हित बुद्धीने पाहणं. त्या मापाने मटका नापासच. पण आमच्या कडेगावकडून, एकूणच सातारा-सांगलीकडून गिरणगावात गेलेल्या माणसाचा विचार करा. खोलीभाडं, खानावळ आणि गावाकडची मनीऑर्डर वजा जाता हातात उरलेल्या रुपयाचं भांडवल कधीच होणार नव्हतं. आकडा लावताना तो एका रात्रीची आशा विकत घेत होता. ही किंमत डोळे उघडे ठेवून मोजली, तर तिला मूर्खपणा म्हणवत नाही. गेलेले पैसे परत आणायला पुन्हा लावले, की मात्र हिशेब संपला.

राज्यसत्तेला हा स्वार्थ फार आधी कळला होता. कौटिल्याने फासे सरकारी ठेवले आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेतले. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा मटकेवाल्याला पकडत असताना, १९६९ मध्ये सरकारने स्वतःची लॉटरी काढली.

हा सगळा इतिहास एवढंच सांगतो: जुगारात शहाणा स्वार्थ असतो, पण तो बहुधा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला असतो.