केवलादेवचं तळं आणि न मोजलेली माणसं

भरतपूर म्हटलं की आपल्या मराठी माणसाला आठवतो सूरजमल जाट. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पानिपतच्या धड्यात हा माणूस दरवर्षी भेटायचा. १७५४ साली मराठ्यांनी त्याच्या कुंभेरच्या किल्ल्याला वेढा घातला आणि त्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव, म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान, मारले गेले. पुढे सातच वर्षांनी, १७६१च्या जानेवारीत, पानिपतावरून उपाशी, जखमी, थंडीनं काकडलेली आपली माणसं परत फिरली तेव्हा त्यांना अन्नवस्त्र आणि आसरा दिला तो याच सूरजमलानं. वर्गात एखादं तरी पोर हमखास विचारायचं, "बाई, आपण वेढा घातला होता ना, मग त्यानं मदत का केली?" मी म्हणायची, "शेजारी भांडला तरी शेजारीच असतो, बाळा."

पण आज लिहायचंय ते सूरजमलाच्या लढायांबद्दल नाही. त्याच्या एका बांधाबद्दल लिहायचंय. त्या बांधातून एक तळं घडलं आणि त्या तळ्याकाठी अडीचशे वर्षांत माणसांनी काय काय धाडसं केली, त्याची ही गोष्ट आहे.

भरतपूरचा प्रदेश बशीसारखा खोलगट. गंभीर आणि बाणगंगा या दोन नद्यांचं पावसाळी पाणी तिथे पसरायचं. अठराव्या शतकात सूरजमलानं या पाण्याला आवर घालायला मातीचा बांध घातला, तोच अजान बांध. हा माणूस मातीचा मोठा जाणकार असावा. भरतपूरचा त्याचा किल्लाही मातीच्या जाडजूड तटाचा. १८०५ साली यशवंतराव होळकर भरतपूरच्या आश्रयाला आले, तेव्हा इंग्रजांच्या लॉर्ड लेकनं या किल्ल्यावर चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा हात चोळत परत गेला. अशाच मातीच्या बांधामागे साठलेलं पाणी सखल भागात सोडलं जाई, तिथे झाडी आणि दलदल तयार झाली. जवळ शंकराचं देऊळ, केवलादेव. त्यावरून या जागेचं नाव पडलं. आसपासच्या गावांची गुरं इथे चरायची, म्हशी पाण्यात डुंबायच्या, बायका गवत-सरपण न्यायच्या. हिवाळ्यात उत्तरेकडून पाखरं यायची. कुणी कुणाला अडवत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र बदललं. मोरवीच्या राजघराण्यातले हरभामजी तेव्हा भरतपूर संस्थानाचा कारभार पाहत. विलायतेतल्यासारखी बदकांची शिकार इथेही व्हावी अशी कल्पना त्यांनी काढली. मग पाट खणले गेले, छोटे बांध घातले गेले, पाणी सोडायला आणि अडवायला दारं बसली. आता पाणी किती आणि कुठे ठेवायचं हे माणसाच्या हातात आलं. म्हणजे बघा, ज्याला आपण आज निसर्ग म्हणून डोळे भरून पाहतो, ते तळं नांगरलेल्या शेताइतकंच माणसाच्या हातचं आहे.

१९०२ साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन इथे शिकारीला आले, आणि मग रांगच लागली. राजे, लाटसाहेब, सेनापती. डिसेंबर २०१४मध्ये आम्ही दोघं मथुरा-आग्र्याच्या सहलीला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम एक दिवस राखून भरतपूर पाहिलं. देवळाजवळ एका भिंतीवर या सगळ्या शिकारींची दगडात कोरलेली यादी आहे. तारीख, कोणाच्या सन्मानार्थ, बंदुका किती, पक्षी किती. अगदी शाळेच्या हजेरीपटासारखी. मी चष्मा पुसून सगळी वाचली. सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८चा. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी झालेली शिकार, पक्षी ४,२७३. एका दिवसात!

तेव्हा याला मर्दुमकी म्हणत. पहाटेच्या धुक्यात बांधावर दबा धरून बसायचं, एकदम उठलेल्या हजारो पाखरांवर नेम धरायचा. गोळीबार झाला की पाखरं उठायची, दुसरीकडे बसू पाहायची, तिथूनही हुसकली जायची. पण पाखरं हुसकणारे कोण? पडलेली बदकं छातीभर गार पाण्यातून गोळा करून आणणारे कोण? हौस व्हाइसरॉयची आणि कुडकुडणं गावकऱ्यांचं. त्या दगडावर बंदुका मोजल्या आहेत, पाखरं मोजली आहेत, माणसं मात्र फक्त बंदूकवाली. ती यादी वाचून झाल्यावर हेच मनात राहिलं, आणि पुढचं सगळं वाचताना मी हाच धागा शोधत गेले.

स्वातंत्र्य मिळालं, संस्थानं गेली. आसपासच्या शेतकऱ्यांचं म्हणणं पडलं, राजाच्या शिकारीसाठी पाणी कशाला, हे तळं आटवून आम्हाला जमीन कसायला द्या. विचार केला तर त्यात चूक काय होती? पण मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या एका माणसाला हे पाणी आटलं तर काय जाईल ते नेमकं ठाऊक होतं. ते म्हणजे डॉ. सालिम अली. त्यांनी हा विषय थेट पंडित नेहरूंपर्यंत नेला आणि तळं वाचलं. गंमत म्हणजे माजी महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२पर्यंत टिकला. म्हणजे बरीच वर्षं एकाच पाण्यावर कुणी पाखरं मारत होतं आणि कुणी पाखरं जपत होतं.

जपणाऱ्यांचं धाडस वेगळ्याच जातीचं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं इथे पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं काम केलं. पक्षी न दुखावता धरायचा, पायात नंबराची हलकी कडी चढवायची, मोजमाप घ्यायचं आणि सोडून द्यायचं. तो पुन्हा कुठे सापडला की त्याचा प्रवास कळतो. भरतपूरची कडी घातलेली बदकं थेट तेव्हाच्या सोव्हिएत रशियात सापडली. पण पक्षी धरायचा कसा? हे काही कॉलेजात शिकवत नाहीत. ते येत होतं बिहारच्या मीरशिकार समाजातल्या लोकांना. पिढ्यान्‌पिढ्या पाखरं पकडून विकणं हाच त्यांचा धंदा. सोसायटीनं त्यांनाच कामाला घेतलं. रात्रीच्या अंधारात दलदलीत उतरून जाळी लावणारे हे लोक नसते, तर शास्त्रज्ञांच्या वह्या कोऱ्याच राहिल्या असत्या. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते. ज्याच्या हातात कला आहे त्याला हाकलून न देता त्याच कलेचं काम दिलं.

दुर्दैवानं पुढे हे शहाणपण विसरलं गेलं.

ऑक्टोबर १९८१मध्ये केवलादेव आणि ओडिशाचं चिल्का सरोवर ही भारतातली पहिली दोन पाणथळं रामसरच्या यादीत गेली. रामसर हे इराणमधलं गाव. १९७१ साली तिथे पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून हे नाव. त्याच सुमाराला केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की कायद्यानं गुरं चारायला बंदी. १९८२च्या नोव्हेंबरात ती बंदी अमलात आली. गावकऱ्यांना पर्यायी कुरण नव्हतं, ते जमले, वाद पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे जीव गेले. ज्या भूमीवर पूर्वी बदकांसाठी बंदुका चालल्या, तिथे आता म्हशींपायी माणसं मेली.

आणि झालं काय? सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली इथे दहा वर्षं अभ्यास केला. गुरं हटली तर पाखरांचं भलं होईल, असाच तेव्हा जाणत्यांचा समज होता. पण अभ्यासात निघालं उलटंच. म्हशी होत्या तेव्हा त्या पाण्यातलं गवत खाऊन आणि तुडवून आटोक्यात ठेवत. म्हशी गेल्या तसं गवत माजलं. उघडं पाणी झाकलं गेलं, मासे कमी झाले, बदकांना पोहायला जागा उरेना. सायबेरियाचे पांढरे क्रौंच उथळ पाण्यातल्या चिखलातून कंद उकरून खात, त्यांनाही चोच घालणं अवघड झालं. शास्त्रज्ञांनी हे निष्कर्ष लपवले नाहीत, जसे निघाले तसे मांडले. याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे. पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी मिळाली. माजलेली विलायती बाभूळ उपटायलाही गावकरीच आले, आणि लाकूड त्यांनी घरी नेलं. म्हणजे फिरून हात लागले ते गावाचेच. पण गेलेले जीव काही परत आले नाहीत.

त्या पांढऱ्या क्रौंचांचंही सांगते. १९६०च्या दशकाच्या मध्याला ते दोनशेच्या आसपास येत. सायबेरियातून अफगाणिस्तानावरून हजारो किलोमीटरचा प्रवास. वाटेत शिकार, युद्धं, आटत चाललेली तळी. दरवर्षी आकडा घसरत गेला आणि २००२च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरला कुणीच आलं नाही. आम्हाला सायकलरिक्षातून फिरवणाऱ्या गृहस्थांनी ते लहानपणी पाहिले होते. आम्हाला चित्रबलाकांची घरटी, सारसाची जोडी, पट्टकादंब, तलवार बदकं असं सगळं हौसेनं दाखवणारा हा माणूस त्या क्रौंचांबद्दल बोलताना रिक्षा थांबवून खाली उतरला. म्हणाला, "बहनजी, वो मेहमान थे। हमसे रूठ गए।" तिथले अनेक रिक्षावाले पक्ष्यांचे उत्तम जाणकार झाले आहेत, उद्यानानं त्यांना तसं शिक्षणही दिलं आहे. पुस्तक न उघडता ते आवाजावरून पक्षी सांगतात.

आता पाण्याची गोष्ट. करौलीजवळ गंभीर नदीवर पांचना धरण झालं आणि अजान बांधाकडे येणारं पाणी आटलं. २००४ साली दुष्काळात केवलादेवसाठी पाणी सोडायचं ठरलं, तर वरच्या भागातले शेतकरी आडवे आले. पाखरांना पाणी आणि आमच्या पिकांना नाही? मी शेतकऱ्याची मुलगी आहे. हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. त्या काळात तळं कोरडं पडून पाखरं आलीच नाहीत, अशीही वर्षं गेली. पुढे २०१२च्या सुमारास गोवर्धन नाल्यातून पाणी आणायची सोय झाली, चंबळच्या पाइपलाइनमधूनही थोडं मिळू लागलं. सूरजमलाच्या बांधाला मिळायचं ते पाणी आता असं दुरून, मोजून आणावं लागतं.

माझा नातू पुण्याला असतो. सुट्टीत मित्रांबरोबर कुठेतरी "ॲडव्हेंचर"ला जायचं म्हणत होता. मी त्याला नांदूर मधमेश्वर सुचवलं. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, पाटानं उसाला-गव्हाला पाणी गेलं, आणि बंधाऱ्यामागे गाळ साठून पाखरांचं राज्य झालं. १९८६ साली अभयारण्य झालं, आणि २०२०च्या सुरुवातीला रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ म्हणून जाहीर झालं. लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. नावाबरोबर तिथले प्रश्नही येतात. गाळ पाखरांना हवा, पण पूर आला की सायखेडा, चांदोरीच्या घरांत पाणी शिरतं.

नातवाला मी एवढंच सांगितलं, दुर्बीण ने, पहाटे लवकर ऊठ, आवाज करू नकोस. आणि पाखरं मोजून झाली की काठावरच्या एखाद्या शेतकऱ्याशी, मासे धरणाऱ्याशी दोन शब्द बोल. त्याच्या शेतात बदकं किती पीक खातात, पुरात त्याचं काय गेलं, ते विचार. वहीत पाखरांच्या नावांखाली त्याचंही नाव लिही. भरतपूरच्या दगडावर ते लिहायचं राहिलं आहे.