तीन वर्षे, सहा वर्षे आणि कुदळवाडी

संगणक किती वर्षांत जुना होतो, याची दोन सरकारी उत्तरे आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. 2013 च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात टेबलावरच्या संगणकाचे आणि लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य 3 वर्षे धरले आहे. ई-कचऱ्याच्या नियमांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मात्र पर्सनल कॉम्प्युटरला सरासरी 6 वर्षे आणि लॅपटॉपला 5 वर्षे दिली. पहिला आकडा हिशेबनिसाचा आहे, दुसरा कचऱ्याचा अंदाज बांधणाऱ्याचा. ज्याच्या घरात ते यंत्र पलंगाशेजारच्या टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली वर्षानुवर्षे असते, त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीसारख्या कामगार वस्तीचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. इथल्या कुटुंबाने अख्खा संगणक एकदम टाकून नवा आणला, असे क्वचितच झाले. त्याने तो सुटा सुटा बदलला, दुसऱ्याकडे सरकवला, दुसऱ्याचा आपल्याकडे आणला. आणि हे कधी करायचे ते यंत्राच्या वयावरून ठरले नाही. ते ठरवले घराबाहेरच्या दोन वेळापत्रकांनी, कंपनीच्या मालमत्ता नोंदवहीने आणि शाळा-कॉलेजच्या प्रवेशांनी.

हे चिखलीत इतके स्पष्ट का दिसते, ते गावाच्या घडणीत आहे. टाळगाव चिखली हे मुळात इंद्रायणीकाठचे शेतकरी गाव. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात बजाज आणि टेल्को उभ्या राहिल्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपांचे जाळे भोसरीपासून तळवड्यापर्यंत पसरले. 1997 मध्ये चिखली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. गावाच्या कुदळवाडीत कारखान्यांचे भंगार गोळा होऊ लागले: लोखंडाचा कीस, पिंपे, लाकडी पॅलेट, प्लॅस्टिक, पुठ्ठा. पुढे शेजारच्या तळवड्यात आयटी पार्क झाले. म्हणजे काही किलोमीटरच्या आत संगणक शेकड्याने विकत घेणारी आणि वहीतून खोडणारी कार्यालये, तो हौसेने किंवा गरजेने घरी आणणाऱ्या कामगारांच्या वस्त्या, आणि शेवटी त्याचे तुकडे करणारी गोदामे, सगळे एकत्र नांदू लागले. संगणकाच्या आयुष्याच्या सगळ्या अवस्था एका शेअर रिक्षाच्या टप्प्यात सापडाव्यात अशी ठिकाणे फार नाहीत.

यंत्र वापरण्याची इथली रीत संगणकाच्या आधीची आहे. आकुर्डीत बनणाऱ्या बजाज चेतकसाठी एके काळी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. हाती आलेली स्कूटर मग इंजिन खोलून, क्लच प्लेटा बदलून, रंग मारून पुढच्या पिढीपर्यंत चालवली जाई. कारखान्यात यंत्राची देखभाल हाच ज्याचा धंदा, तो घरी आल्यावर ‘बंद पडले, टाकून द्या’ म्हणणारा नव्हता. नव्वदीच्या दशकात संगणक घरात येऊ लागला तो याच मनोवृत्तीच्या घरांत. ब्रँडेड यंत्र तेव्हा कामगाराच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून आला तो असेम्बल्ड: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यातून भाग आणायचे, ओळखीच्या मुलाने ते जोडून द्यायचे, आणि पावती मागितली तर भाव वाढायचा. 1997 मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि 2005 पर्यंत संगणकावरचे आयातशुल्क शून्यावर आले. त्याच वर्षी एचसीएलने दहा हजारांच्या आतला संगणक बाजारात आणला. त्याआधी, 2001 च्या जनगणनेत घरातल्या वस्तूंची विचारणा करताना रेडिओ, टीव्ही, टेलिफोन, सायकल, स्कूटर, मोटार असे सगळे होते, संगणक नव्हता. तो रकाना 2011 मध्ये आला, आणि देशातल्या शंभर कुटुंबांपैकी दहांकडेही संगणक नसल्याचे दिसले.

असेम्बल्ड यंत्राला वय कसे मोजायचे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत रॅम वाढवली जाते. मग एखाद्या पावसाळ्यात वीज कमी-जास्त होऊन एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, जळतो. तो काही शे रुपयांत नवा बसतो. (2006 मध्ये उद्योगांनी आपापले जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार हलका केला आणि पुणे, पिंपरी-चिंचवड भारनियमनातून सुटले, त्यात घरोघरच्या किती हार्ड डिस्क वाचल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडला नाही.) त्याच काळातल्या मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटरांची साथ जगभर आली होती. दुरुस्ती करणारा डबा उघडून आधी तेच पाहायचा: प्रोसेसरच्या कडेला उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्यांची डोकी सपाट आहेत की फुगली आहेत, त्यांतून तपकिरी चिकट द्रव बाहेर आला आहे का. फुगलेले तेवढे उपसून त्याच मापाचे नवे डाख देऊन बसवले की मेलेला बोर्ड उठायचा. पुढे पेटीसारखा मॉनिटर जाऊन चपटा येतो, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी येते, आणि वर्षातून एकदा फॉरमॅट मारला जातो तो वेगळाच. दहाव्या वर्षी कॅबिनेट तेवढे जुने उरते, त्यावर देवाचे स्टिकर असते म्हणून ओळखू येते. या घराला ‘संगणक शेवटचा कधी बदलला?’ असे विचारले तर ‘बदलला नाही’ आणि ‘दर वर्षी बदलतो’ ही दोन्ही उत्तरे खरी ठरतात. सरासरी 6 वर्षांचा आकडा चुकतो तो इथे. तो असे गृहीत धरतो की यंत्र अखंड येते आणि अखंड जाते.

अर्थात, मोठी खरेदीही होतच होती. पण तिचा मुहूर्त यंत्र ठरवत नव्हते. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल स्थापन झाले, त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांत पोचला, सरकारी नोकरीला तो लागू लागला, आणि संगणक हौसेच्या खात्यातून शिक्षणाच्या खात्यात आला. दहावीनंतर डिप्लोमाला प्रवेश मिळाला की ऑटोकॅड चालेल असे यंत्र हवे. दिवाळीचा बोनस किंवा कामगार पतसंस्थेचे कर्ज या कामी लागे. मोठ्या मुलीचा डिप्लोमा संपून धाकट्याचा सुरू होईपर्यंत यंत्र कितीही रडले तरी तेच चालवायचे. प्रवेशाची यादी लागली की दोन आठवड्यांत नवे. 2020 च्या टाळेबंदीत शाळा घरात आली तेव्हाही हेच झाले, फक्त सगळ्यांची यादी एकाच दिवशी लागल्यासारखे. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार 8 एप्रिल 2014 पर्यंत होता. बारा-साडेबारा वर्षांचा हा निवांत पल्ला मिळाला म्हणूनच घरांना आपल्या सोयीच्या मुहूर्तापर्यंत थांबता आले, असे मला वाटते.

दुसरे वेळापत्रक कंपनीचे. आयकरात संगणकावर एके काळी वर्षाला 60 टक्के घसारा मिळे, 2017-18 पासून तो 40 टक्के झाला. कंपनी कायद्याची 3 वर्षे वर सांगितलीच. वहीत किंमत जवळजवळ शून्यावर आलेले यंत्र ठेवून घेण्यात कार्यालयाला रस नसतो. ते लॉटने विकले जाते, धुऊन-पुसून ‘रिफर्बिश्ड’ होते, आणि डेलचा ऑप्टिप्लेक्स किंवा लेनोव्होचा थिंकपॅड निम्म्याहून कमी भावात वस्तीतल्या दुकानात येऊन बसतो. कुटुंबाच्या दृष्टीने हा ‘नवा’ संगणक. पण घरात येतानाच तो चार-पाच वर्षांचा असतो. म्हणजे आयटी पार्कातला खरेदी अधिकारी करार नूतनीकरणाची तारीख ठरवतो तेव्हा नकळत तो आणखी एका घराची तारीख ठरवत असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही सगळी गरिबीची कहाणी आहे, तिला रीत-भात म्हणून सजवू नये. पैसे असते तर याच लोकांनी दर तीन वर्षांनी कोरे यंत्र घेतले असते. पैशाची अडचण होती, हे खरेच. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीत, 2017-18 मध्ये, टॅबलेट धरूनही संगणक असलेली कुटुंबे देशात 10.7 टक्केच होती. 2011 पासून सहा-सात वर्षांत एखाद्या टक्क्याची वाढ. याच वर्षांत स्मार्टफोन घरोघरी गेला, एका घरात तीन-तीन झाले, आणि काच फुटायच्या आत बदलूही लागले. 1987 मध्ये दुचाकी-तीनचाकींना कर्ज देण्यासाठी निघालेली आकुर्डीची बजाज फायनान्स तोवर फ्रीज, टीव्ही, मोबाइलच्या हप्त्यांसाठी देशभर माहीत झाली होती. त्याच हप्त्यावर संगणकही मिळत होता. जे घर फोनसाठी हप्ता काढते आणि संगणकासाठी रॅम शोधते, ते केवळ नाइलाजाने तसे करते असे म्हणता येत नाही. फोन अंगावरची वस्तू झाला, चारचौघांत दिसणारी. संगणक कामाचे हत्यार राहिला, आणि हत्याराला इथे धार लावतात. लॅपटॉपने ही रीत मोडली, हा दुसरा आक्षेप मात्र बराचसा मान्य करावा लागेल. रॅम बोर्डालाच डाखलेली, बॅटरी चिकटवलेली असली की दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती फारसे उरत नाही. जुने थिंकपॅड आजही मागणीत आहेत त्याचे कारण ते उघडता येतात, हेच.

घरातून निघालेला डबा लगेच भंगारात जात नाही, आणि या पट्ट्याचे वैशिष्ट्य कुठे असेल तर ते या मधल्या मुक्कामात आहे. लहान वर्कशॉपात जुन्या सीएनसी यंत्राला प्रोग्रॅम पाठवायला आरएस-232 चा, नऊ पिनांचा सीरियल पोर्ट लागतो. नव्या यंत्रांतून तो कधीच गेला. यूएसबीचे जोडे मिळतात, पण ऐन पाळीत संपर्क तुटला की जॉब वाया जातो. म्हणून पंधरा वर्षांपूर्वीचा, एक्सपीवर चालणारा, तेलकट धुळीने काळा पडलेला संगणक लेथशेजारी पत्र्याच्या कपाटात चालू असतो. त्याला इंटरनेट नाही, त्याला अपडेट नको, एकच काम येते आणि ते तो बिनचूक करतो. कार्यालयाने तिसऱ्या वर्षी मेलेला समजलेला हा जीव इथे रोजगार मिळवून देतो.

त्यानंतर कुदळवाडी. तिथे कॅबिनेटचा पत्रा लोखंडात, हीटसिंक अॅल्युमिनियममध्ये, वायरी तांब्यात, मॉनिटरचा डबा प्लॅस्टिकमध्ये आणि बोर्ड वेगळ्या पोत्यात जायचा. चालू रॅम, पंखे, पॉवर सप्लाय बाजूला निघून पुन्हा दुरुस्तीच्या दुकानांकडे वळायचे, म्हणजे जुन्या यंत्रांचे आयुष्य वाढवणारे भाग मेलेल्या यंत्रांतूनच यायचे. इथे कोणी म्हणेल की भंगार बाजाराचे कौतुक पुरे. वायर जाळून तांबे काढण्यातला धूर, जुन्या मॉनिटरच्या काचेतले शिसे, बोर्डावरची रसायने हे सगळे इंद्रायणीकाठच्याच हवेत आणि मातीत गेले, ते उचलणारे हात बहुतेक उत्तरेकडून आलेल्या गरीब मजुरांचे होते, आणि गोदामांच्या आगी नेहमीच्या झाल्या होत्या. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली तेव्हा आसपासच्या सोसायट्यांना हायसे वाटले, त्यात नवल नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. 2011 चे ई-कचरा नियम, मग 2016 चे आणि आता 2022 चे, यांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली, पोर्टल आणले, नूतनीकरण करणाऱ्यालाही नोंदणी दिली. पण डाख देऊन कपॅसिटर बसवणारा आणि पोत्यातून रॅम वेचणारा या पोर्टलवर नाही. वाईट जागा गेली, ते ठीक. तिच्याबरोबर सुट्या भागांची पेठही गेली, आणि तिची जागा वजनकाट्यावर किलोने मोजणाऱ्या व्यवस्थेने घेतली, जिला चालू रॅम आणि बंद रॅम सारखीच.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या, म्हणजे 2017 पासूनच्या, प्रोसेसरांपासून पुढचेच यंत्र अधिकृतपणे चालते. इथे रॅम वाढवून किंवा एसएसडी बसवून भागत नाही. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटांची मुदत मिळाली, लिनक्स टाकता येते, किंवा दुकानदार सांगतो तसे ‘चालवा, काही होत नाही’. आजवर घराला आपला मुहूर्त निवडता येत होता. आता तारीख अमेरिकेतल्या रेडमंडहून येते. तिचा फटका कोणाला बसतो ते मात्र पाहण्यासारखे आहे. कंपनीने ती यंत्रे वहीतून केव्हाच खोडली आहेत. लेथशेजारच्या एक्सपीला 2014 मध्येही फरक पडला नव्हता. अडकले आहे ते मधले घर, ज्याने टाळेबंदीत मुलांच्या तासांसाठी कार्यालयातून निघालेला, सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप बारा-पंधरा हजारांना घेतला आणि ज्याच्या हिशेबाने तो अजून नवाच आहे.