ईमान कुणाचं किती? मुस्लिम सत्यशोधक मंडळाची वाटचाल

चकलांब्यात मंडळाचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ते लोक नमाज पढतात का? विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. प्रश्न चौदाशे वर्षं जुना आहे. मदिनेतले मुसलमानही एका मापाचे नव्हते. मक्केतलं घरदार सोडून आलेले मुहाजिर, त्यांना आसरा देणारे अन्सार, 630 साली मक्का हाती आल्यावर कलमा पढलेले कुरैश आणि वारं बघून आलेल्या वाळवंटी टोळ्या. ‘तुम्ही शरण आलात, पण ईमान अजून काळजात उतरलेलं नाही,’ अशा अर्थाची समज त्या टोळ्यांना कुराणाच्या हुजुरात या सूऱ्यात दिली आहे. पैगंबरांमागे खजिना वाटताना पहिले खलिफा अबू बक्र यांनी सर्वांना सारखं दिलं, तर त्यांच्यानंतरचे खलिफा उमर यांनी नोंदवही घालून बद्रच्या लढाईत उतरलेल्यांना वरचा तनखा लावला. निष्ठेची प्रतवारी करावी का, यावर त्या दोघा थोरांचंही एकमत नव्हतं.

मंडळाने मात्र अशी प्रतवारी केली नाही. 18 एप्रिल 1966 रोजी मंडळाचे संस्थापक हमीद दलवाई यांनी मुंबईत मोर्चा काढला, तेव्हा त्यात महिला होत्या फक्त सात. मागणी होती, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा. पुढे 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मंडळ उभं राहिलं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचं नाव त्यात मुद्दाम घेतलं होतं. दलवाई उघड नास्तिक. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाभाभी नमाज-रोज्याच्या घरात वाढलेल्या. मंडळाचे कार्यकर्ते सय्यदभाई यांना या वाटेवर आणलं ते बहिणीला मिळालेल्या तलाकने. अशी वेगवेगळ्या श्रद्धेची माणसं एका सतरंजीवर बसली. माझ्या मते मंडळाचं खरं बळ हेच.

तलाक म्हणजे काय हे आमच्या गेवराई तालुक्यात मुकादमाच्या वहीत दिसतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एकटी पडली की अर्धा कोयता, आणि आगाऊ मिळणारी उचलही अर्धी. पोरं मात्र पूर्ण तिच्याच पदरात.

1971 साली पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरली. 3 मे 1977 रोजी दलवाई गेले, वय अवघं 44. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही विधी न करता दहन झालं. एवढ्या मोठ्या माणसामागे संस्था विखुरली असती तर नवल नव्हतं. पण भाभींनी आणि सय्यदभाईंनी काम खाली ठेवलं नाही. 1985 साली तलाकशुदा बाईला पोटगीचा हक्क देणाऱ्या शाहबानो निकालानंतर कोल्हापूरहून नागपूरकडे तलाकमुक्ती मोर्चा निघाला. वाटेत कडवा विरोध झाला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून त्या निकालाची धार बोथट केली. ती निराशा पचवायला मोठी छाती लागते. सय्यदभाईंनी आत्मचरित्राला ‘दगडावरची पेरणी’ हे नाव दिलं, ते उगाच नाही. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. तो दिवस सय्यदभाईंनी पाहिला. भाभी मात्र अडीच महिने आधीच गेल्या होत्या.

गेल्या दसऱ्याआधी एक बाई पोटगीचं विचारायला आमच्या ओसरीवर आली. मंडळाचं नाव तिने ऐकलेलं नव्हतं. तेवढ्यात अजान झाली. तिने पदर नीट घेतला, हातपाय धुतले, असरची नमाज आटोपली. मग आम्ही अर्ज लिहायला बसलो.