उत्तराचा आकडा

लग्नात आलेल्या तारांची आठवण असणारी पिढी अजून आपल्यात आहे. तारघरात शुभेच्छांच्या ठरलेल्या मजकुरांची एक यादी असे आणि प्रत्येक मजकुराला क्रमांक असे. आपण मजकूर निवडायचा, तारमास्तरांनी तारेतून नुसता क्रमांक पाठवायचा आणि पलीकडच्या गावी त्या क्रमांकाचे पुन्हा पूर्ण वाक्य होऊन ते मांडवात पोहोचायचे. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. चार शब्दांचे काम एका आकड्यावर भागवण्याची युक्ती मात्र संपली नाही. आज आपण मोबाइलवर सातबारा पाहतो, रेल्वेचे तिकीट काढतो किंवा निकाल शोधतो, तेव्हा प्रत्येक वेळी असाच एक आकडा आपल्याकडे येत असतो.

तो आकडा तीन अंकी असतो. आपण पत्ता टाकला की आपला फोन दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मागणी पाठवतो. सर्व्हर उत्तर देतो तेव्हा सुरुवातीलाच हा आकडा सांगतो. २०० म्हणजे काम झाले. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू इथे सापडली नाही. ५०० म्हणजे माझ्याकडेच काहीतरी बिघडले. सगळे सुरळीत असते तेव्हा हा आकडा आपल्याला दिसत नाही. अडले की मग ४०४ सारखा एखादा पडद्यावर येतो. इंग्रजीत याला स्टेटस कोड म्हणतात.

या आकड्यांचा इतिहास वेबपेक्षा जुना आहे आणि त्याच्या सुरुवातीला एक भारतीय माणूस आहे. अभय भूषण हे मूळचे अलाहाबादचे, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेत एमआयटीत गेले. तिथे अर्पानेट या जाळ्यावर एका संगणकातून दुसऱ्यात फाईल पाठवण्याचे नियम त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिले. १९७२ च्या सुधारित नियमांत उत्तरासाठी तीन अंकी आकडे आले. कारण सरळ होते. एक संगणक ‘फाईल नाही’ म्हणेल, दुसरा ‘अशी फाईल आढळत नाही’ म्हणेल. माणसाला दोन्ही कळते, पण उत्तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कसे कळावे? म्हणून आकडा यंत्रासाठी आणि त्याच्या शेजारचे वाक्य माणसासाठी, अशी वाटणी झाली. १९७४ मध्ये जॉन पोस्टेल यांनी या आकड्यांची नीट घडी बसवली. पहिल्या अंकात उत्तराचे सार आणि पुढच्या अंकांत तपशील. १९८२ मध्ये ई-मेलच्या नियमांनीही हीच पद्धत घेतली.

वेबची सुरुवात मात्र आकड्यांशिवाय झाली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पहिल्या नियमांत चुकीचा निरोपही साध्या मजकुरातच येई. खरे पान आले की चुकीचा निरोप आला, हे मजकूर वाचल्याशिवाय ओळखता येत नसे. ही अडचण लगेच ध्यानात आली आणि पुढच्या आराखड्यात आकडे आले. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत ते पक्के झाले. ४०४ हा सर्नमधल्या एका खोलीचा क्रमांक होता, अशी एक कथा अजून सांगितली जाते. तिथे बर्नर्स-लींबरोबर काम केलेल्या रॉबर्ट कायो यांनीच ती खोडून काढली आहे.

आकडे घेताना वेबने एक बदल केला आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोस्टेल यांच्या घडीत ४ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे तात्पुरते अपयश, थोड्या वेळाने पुन्हा बघा. ५ म्हणजे कायमचे अपयश. वेबने या दोन अंकांना वेगळाच अर्थ दिला. ४ म्हणजे मागणाऱ्याच्या मागणीत दोष, ५ म्हणजे देणाऱ्याकडे दोष. काम कधी होईल, या प्रश्नाच्या जागी काम कोणामुळे अडले, हा प्रश्न आला.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे आकडे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या शेजारच्या तीन जिल्ह्यांची नावे अलीकडे बदलली. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या नावाने आलेल्या पत्रावर ‘यापुढे कायम नव्या नावाने लिहा’ असा शेरा मारावा, तसा ३०१ हा आकडा. याउलट, दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडची गावेच्या गावे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. घराला कुलूप असते. शेजारी सांगतात, सध्या अमुक कारखान्यावर आहेत, तिकडे भेटा. पण पत्ता हाच ठेवा, उन्हाळ्यात परत येतील. हा झाला ३०२. दोन्हीत माणूस दुसरीकडे आहे, पण एकात जुना पत्ता खोडायचा आणि दुसऱ्यात जपायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ३०२ च्या जागी ३०१ दिला, तर ब्राउझर नवाच पत्ता लक्षात ठेवू शकतो आणि परत आलेल्या माणसाचे दार कोणी वाजवत नाही. आणि तारघराचे काय? त्याला ४१०. होते, आता नाही, आणि दुसरीकडे कुठे गेलेलेही नाही.

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची बाजू पाहू. प्रोग्रॅममध्ये जागोजाग ४०४, ४०३, ४०९ असे नुसते आकडे लिहिले, तर वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही आणि एका अंकाची चूक नजरेतून सहज सुटते. यावर उपाय म्हणजे आकड्याला नाव देणे. हा उपाय आपल्या मातीत फार जुना आहे. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे सांगितले आहे. ते गाव म्हणजे आपले बीड, असे काही अभ्यासक मानतात. काही जण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात, कारण त्यांच्या नातवाचा शिलालेख तिथे सापडला. गाव कोणतेही असो, आपला जन्मशक त्यांनी अंकांत न सांगता शब्दांत सांगितला. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि पृथ्वी एक. उजवीकडून डावीकडे मांडले की शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. या पद्धतीला भूतसंख्या म्हणतात. नक्कल करताना एखादा अंक चुकला तर कोणाला कळणार? शब्द चुकला तर वृत्त मोडते आणि चूक ओरडून सांगते.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांनीही हेच केले. जावाने १९९७ मध्ये ४०४ ला ‘नॉट फाउंड’ असे नाव दिले. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये अशा नावांची यादी आली. पायथनमध्ये २०१५ साली आलेल्या यादीतल्या प्रत्येक नावामागे आकडाही आहे आणि माणसासाठी वाक्यही. नाव चुकीचे लिहिले तर प्रोग्रॅम तिथेच अडतो, वृत्त मोडावे तसा.

पण यादी म्हटली की तिच्या बाहेरचे आलेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये ४५१ हा नवा आकडा अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. कायद्याच्या कारणाने हे पान दाखवता येत नाही, असा त्याचा अर्थ. टिम ब्रे यांनी सुचवलेला हा आकडा रे ब्रॅडबरी यांच्या पुस्तके जाळणाऱ्या राजवटीवरच्या १९५३ च्या कादंबरीच्या नावातून घेतला आहे. जुन्या प्रोग्रॅमांनी तो कधी पाहिलाच नव्हता. पायथनच्या यादीला अनोळखी आकडा दिला, तर ती चूक दाखवून थांबते. वेबचा नियम अधिक समंजस आहे. आकडा ओळखीचा नसेल तर पहिला अंक पाहा आणि त्या घराण्याच्या मूळ आकड्यासारखे वागा. ४५१ कळत नसेल तर त्याला ४०० समजा. अनोळखी पाहुण्याचे नाव माहीत नसले तरी आडनावावरून आपण त्याची सोयरीक ओळखतो, तसेच हे. गो ही भाषा म्हणूनच साध्या आकड्यांना फक्त नावे देते आणि नव्या आकड्याला दार उघडे ठेवते.

हे सारे तंत्रज्ञांपुरते आहे, असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. पीक विम्याचा असो की शिष्यवृत्तीचा, अर्जाची शेवटची तारीख आली की सेवा केंद्रासमोर रांग लागते आणि ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द ऐकू येतात. आता ते मराठीच झाले आहेत. अशा वेळचे खरे उत्तर ५०३. आम्ही आत्ता असमर्थ आहोत, आणि हवे तर इतक्या वेळाने या, असेही त्या उत्तरासोबत सांगता येते. त्याऐवजी ४०० आला, तर दोष अर्जदाराच्या कागदांवर जातो आणि तो बिचारा पुन्हा तलाठ्याकडे चकरा मारतो. त्याहून वाईट म्हणजे आतली नोंद झालीच नाही आणि वर २०० पाठवला. काम झाले, असे यंत्राला सांगितले गेले. नापास झालेल्या उत्तरावर उत्तीर्णचा शिक्का मारल्यासारखेच हे. शेतकरी निर्धास्त होऊन घरी जातो आणि फसवणूक कळते तेव्हा मुदत संपलेली असते.

आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुले आज पुण्यात, हैदराबादला, बंगळुरूला प्रोग्रॅम लिहीत आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक तुमची असेल तिथे ५ लिहा, ४ लिहू नका. आणि काम झाले नसेल तिथे २०० मुळीच लिहू नका. त्या तीन अंकांच्या पलीकडे कोणीतरी दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभे असते.